पिवळ्या पळसाचा पासपोर्ट फोटो

मकबूलभाई फुलांचा भांग पाडतात. थट्टा नाही. खिशातून छोटी कंगवी काढतात, तरवडाच्या पिवळ्या तुऱ्यावरची धूळ हलक्या हातानं विंचरतात, दोन पावलं मागं सरकून मान वाकडी करून बघतात आणि मग फुलालाच दम भरतात, "हां, आता हलायचं न्हाई. सास रोको!"

फूल श्वास रोखतं की नाही, देव जाणे. मी रोखतो. फुलामागं पांढरी चादर ताणून उभं राहायचं काम माझं. एकदा भुईरिंगणीच्या फुलापायी मी इतका वेळ श्वास धरला, की माझाही रंग जांभळा झाला आणि मकबूलभाई फूल सोडून माझेच दोन फोटो काढून मोकळे झाले.

जुन्या जालन्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. उभ्या हयातीत काढले ते पासपोर्ट फोटोच. "हसू नका. दोन्ही कान दाखवा. ठुड्डी खाली." त्यांच्या कृपेनं सरकारी कागदांवर आमचं अर्धं गाव नुकतंच ठाण्यात आणून बसवल्यासारखं दिसतं. आता स्टुडिओ मुलगा बघतो. हे आणि मी, म्हणजे एक निवृत्त गुरुजी, फाल्गुन लागला की माझी म्हातारी गाडी काढून रानफुलांचे फोटो काढत हिंडतो. कायदा तोच. एकदांडीचं नखाएवढं फूल असो की धोत्रा, समोर बघायचं आणि दोन्ही बाजूची पानं दिसली पाहिजेत. "कान हायेत ते त्याचे, गुरुजी!"

वाटेत इतक्या वेळा थांबतो, की एकदा तासाभरावरच्या राजूरला म्हणून फाल्गुनात निघालो ते चैत्रात पोचलो.

पण यंदा एका सकाळी सातलाच दार वाजलं. मकबूलभाई दारात, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

"गुरुजी, पिवळा पळस! पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं, नाल्याच्या काठाला. आमचा दूधवाला डोळ्यानं बघून आल्ता!"

"अहो, चहा तरी..."

"चाय गेली चुलीत! वारा सुटला तर सांजेपर्यंत झाड बोडकं होईल. जल्दी!"

पळस म्हणजे केशरी. रानाला आग लागल्यासारखा. पिवळा पळस असतो असं सगळे सांगतात, आणि पाहिलेला माणूस नेहमी शेजारच्या गावचा असतो.

निघालो. भोकरदनच्या रस्त्याला आख्खी टेकडी पळसानं पेटली होती. मी सवयीनं ब्रेक दाबला. "नको. चला," मकबूलभाई म्हणाले. मी चाट. हा माणूस गोखरूच्या फुलासाठी एस.टी.पुढं आडवा झालेला!

हसनाबादचा फाटा आला तसे ते हळूच म्हणाले, "इथं आपा ऱ्हाती माझी."

"म्हणजे काय, माहीत नाही का मला? तुमच्या या थोरल्या बहिणीच्या हातचा शीरखुर्मा खाऊन मागच्या ईदला माझा पट्टा तुटला."

हसले नाहीत. समोर बघत बोलू लागले, "मी सात वर्षांचा होतो. आपा शाळेतून उशिरा आली. अब्बानं इचारलं, कुठं होती? म्हणली, पिवळा पळस बघत थांबले होते. मी सगळ्यांपुढं म्हणलो, झूठ! पळस कुठं पिवळा असतो का? सगळे हसले. अब्बा न्हाई हसले. दुसऱ्या दिवसापासून आपाची शाळा बंद." मग म्हणाले, "पहिला नंबर यायचा तिचा. झाड घावलं, तर तिला जाऊन सांगायचंय, तू खरी होती."

जन्मभर शाळेत हजेरी घेतलेला माणूस मी. गाडी दामटली. त्या गाडीला चौथा गिअर आहे, हे मात्र मला त्या दिवशी कळलं.

पिंपळगावच्या पुढं एक बाई शेळ्या चारत होती. तिनं आधी आमची चादर निरखली.

"झाड तोडाया आले का?"

"न्हाई माय, फोटो काढाया."

"झाडाचा? लगीन जमवून राह्यले का त्याचं?" ती खो खो हसली. पण हात नाल्याकडं केला.

आणि ते होतं! पान एक नाही. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत हळद. सगळ्या तालुक्याची लग्नं त्या एका झाडावर लागल्यासारखी. मी तिथल्या तिथं उडी मारली. या वयात, या पोटासकट! मकबूलभाई मात्र कंगवी विसरले, चादर विसरले. पहिले चार फोटो नुसता पिवळा धूर.

"मकबूलभाई," मी म्हणालो, "सास रोको."

पाचवा फोटो बराबर आला.

हसनाबादला आपा अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. गुडघे गेलेले. त्यांना उठवायला दोन सुना लागतात. मकबूलभाईंनी कॅमेरा त्यांच्या नाकाशी धरला.

"आपा, बघ. तू खरी होती. मीच झूठा."

आपांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि अशा हसल्या की सूप कलंडून मिरच्या अंगणभर झाल्या. "अरे पागल! मैं तो फेकी थी!" मग माझ्याकडं वळून मराठीत म्हणाल्या, "गुरुजी, वढ्यात पोरीपोरी बोरं खात बसलो होतो. तोंडाला आलं ते बोलले!"

मकबूलभाईंनी कॅमेरा खाली घेतला. आपांचं हसू हळूहळू थांबलं.

"म्हणून रानोमाळ हिंडून राह्यला का रे, इतकी वर्षं?"

मकबूलभाईंनी होय म्हणून मान हलवली.

"शाळा तशीबी सुटणारच होती," आपा म्हणाल्या. "अब्बानं मास्तरला आधीच सांगितलं होतं. तुझ्या एका बोलानं काय होतंय?"

जन्मभर थापा मारत आलोय मी. समोरच्याची थाप मला वासावरून कळते. पण ही थाप होती की खरं, ते मला आजवर उमगलेलं नाही.

मकबूलभाई खाली बसून मिरच्या वेचू लागले. एकेक, सावकाश. आपांनी त्यांचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे त्या. झाड हाय ना खरोखरचं? मंग बसला काय? चल, दाखव मला."

आणि सुना धावत यायच्या आत आपा भिंतीला धरून उठल्या, चपला पायानंच ओढून सरळ केल्या आणि गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. अंगणातल्या लिंबाची पानं सळसळायला लागली होती.

"वारा सुटून राह्यला, गुरुजी," काच खाली करून त्या ओरडल्या. "जल्दी चला!"