शिलाईकाकू पुढच्या दाराने गेल्या

“डोळे बांधा माझे आणि सोडा मला त्या दुकानात! बरोब्बर कार्यक्रमाच्या खुर्चीवर तुम्हाला नेऊन बसवते की नाही बघा!” शिलाईकाकूंनी विहीणबाईंना ठणकावून सांगितलं.

शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या त्या पाचमजली दुकानात काकूंनी एकतीस वर्षं गिऱ्हाइकांचे कपडे उसवले, आवळले, सैल केले. आज दुकानाची शंभरी होती. अकरा वाजता चौथ्या मजल्यावर मालक काकूंना मानाचं पदक देणार होते. विहीणबाई खास बघायला आल्या होत्या. तशा त्या काकूंची फजिती बघायलाच येतात, पदक नुसतं निमित्त!

एकच गोष्ट काकूंच्या ध्यानात आली नव्हती. एकतीस वर्षं त्या मागच्या दाराने आल्या, मालाच्या लिफ्टने थेट पाचव्या मजल्यावरच्या शिवणखोलीत गेल्या आणि संध्याकाळी तशाच उतरल्या. पुढचं दार गिऱ्हाइकांचं. आज पाहुण्या म्हणून पहिल्यांदाच तिथून आत शिरल्या आणि बघतात तो काय, दुकान ओळखीचंच नाही! चहूकडे संगमरवरी खांब, सगळे जुळ्या भावांसारखे.

“आई, त्या काउंटरवर विचारू का?” बरोबर आलेली सून म्हणाली.

“विचारायला मी काय गिऱ्हाईक आहे?”

मग निघाली मिरवणूक! अत्तरांपासून टोप्यांकडे, टोप्यांपासून छत्र्यांकडे, छत्र्यांवरून वळून पुन्हा अत्तरं. अत्तरवाली तिसऱ्यांदा फवारा घेऊन पुढे झाली, तशा विहीणबाई म्हणाल्या, “पुरे हो, एवढा वास तर माझ्या लग्नातही येत नव्हता मला!”

“तुम्हाला दुकान दाखवतेय मी,” काकू म्हणाल्या. घड्याळात अकराला पाच कमी होते.

तेवढ्यात छत्र्यांमागे एक अरुंद, रंग उडालेलं दार दिसलं. काकूंचा जीव भांड्यात पडला. इतकं कळकट दार म्हणजे नोकरांचा जिनाच!

“या माझ्या मागून!”

तिघी आत शिरल्या. मागे दार आपटलं आणि बाहेरून खटका पडला. आत जिना नव्हता. झगे घातलेल्या तीन पुतळ्या होत्या आणि समोर भिंतीएवढी काच. काचेपलीकडे रस्ता. रस्त्यावर माणसं, आणि माणसं आत बघत होती.

“आई, आपण शोकेसमध्ये आहोत.”

“दिसतंय मला!”

सुनेने दार बडवलं. विहीणबाईंनी केस सारखे केले आणि गर्दीला हात हलवला. एक आजोबा चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघत होते, यातल्या खऱ्या किती! कुठल्या तरी टॉवरवर अकराचे टोले पडले. गेलं पदक! आणि तेही विहीणबाईंच्या देखत!

काकूंना रडूच आलं असतं, पण नजर मधल्या पुतळीवर गेली. झग्याची तुरपाई वीतभर सुटलेली आणि कुणा शहाण्याने ती टाचण्यांनी अडकवलेली. टाचण्या! शंभर वर्षांच्या दुकानात! काकूंनी पर्समधून सुईदोरा काढला आणि फतकल मारून बसल्या.

बाहेर गर्दी अशी वाढली, की गलका चौथ्या मजल्यावर पोचला. काय झालं म्हणून मालक धावत खाली आले आणि त्यांनी दार उघडलं.

“काकू! आम्ही वर वाट बघतोय, आणि तुम्ही इथे लोकांना काम करून दाखवताय? वा! पदक इथेच देतो!”

“मग!” काकू म्हणाल्या.

पदक गळ्यात पडलं. रस्त्यावर टाळ्या कडाडल्या. विहीणबाईंचं तोंड लिंबू चावल्यासारखं झालं.

“चला, आता वर चहा घेऊ,” मालक बाजूला सरत म्हणाले. “काकू, तुम्ही पुढे व्हा, आम्ही मागून येतो. इथली वाट तुमच्याइतकी कुणाला पाठ आहे?”

सगळ्यांनी वाट करून दिली. विहीणबाईंनी तर जरा जास्तच.

काकू परत खाली बसल्या.

“तुम्ही व्हा पुढे. माझे दोन टाके राहिलेत.”

टाके कधीच संपले होते. पण त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा विहीणबाई पुढे आणि काकू त्यांच्या मागे, अशी रांग चौथ्या मजल्यावर गेली.