एक बाजू ऐकून जावा

सुदाममामांच्या दारात पाहुणा आला की त्याला आधी पाणी मिळत नसे, आधी एक वाक्य मिळे. "आलाच हाय तर एक बाजू ऐकून जावा."

बाजू म्हणजे कॅसेटची बाजू. कॅसेटमध्ये डेन्मार्क देशातली गाणी. आणि ती ऐकवणारा माणूस भूम तालुक्यातल्या ईट गावच्या डेअरीत दूध थंड करायच्या मशीनवरचा ऑपरेटर, माझ्या आईचा सख्खा धाकटा भाऊ. या गोष्टी एका घरात कशा गोळा झाल्या ते सांगतोच, पण आधी त्या वाक्याची दहशत सांगतो.

पोस्टमन कुंपणापासूनच टपाल भिरकवायचा. लाईटवाला मीटर न बघता अंदाजानं आकडा लिहायचा. एकदा एक विमा एजंट चुकून आत आला. अर्ध्या बाजूला तो "गाडी चुकंल" म्हणून जो उठला, तो छत्री विसरून गेला. छत्री न्यायलाही परत आला नाही. सोजरमामींनी ती पुढं बरीच वर्षं वापरली. उन्हासाठी. पावसाचं त्या काळी आमच्याकडं तसं काही काम नव्हतं.

मी मात्र टिकून होतो. तेव्हा मी तुळजापूरला एका कचेरीत कारकून होतो, आणि डोळे उघडे ठेवून झोपायचं शिक्षण मला तिथं फुकट मिळालं होतं. सुट्टीला ईटला गेलो की मामींच्या हातचं जेवायचं आणि मग ताठ बसून एक बाजू झोपायचं, असा माझा क्रम. मामांना ते ठाऊक होतं. "झोप की," म्हणायचे, "फकस्त हलू नको. तू हललास की बाज वाजती आन् माजा ठेका चुकतो."

तर, डेन्मार्क.

ऐंशीच्या सुमाराला दूध संघानं डेअरीत नवं मशीन आणलं. मशीन डेन्मार्कचं, म्हणून जोडणारा माणूसही डेन्मार्कचाच आला. त्याला नाव होतं, पण ते म्हणायला जिभेची फार ओढाताण व्हायची, म्हणून गाव त्याला सरळ डेन्मार्कच म्हणू लागलं. "डेन्मार्क जेवला का?" "डेन्मार्कला ऊन लागलंय, कांदा द्या." काम थोड्या दिवसांचं होतं, पण आमच्याकडं वीज पाहुण्यासारखी येऊन-जाऊन असायची, त्यामुळं डेन्मार्क उन्हाळाभर राहिला. माणूस इतका उंच की डेअरीला लागूनच असलेल्या मामांच्या क्वार्टरच्या चौकटीला रोज कपाळ आपटायचा, आणि चौकटीलाच लागलं असावं तसा तिच्यावरून हात फिरवायचा. शेवटी मामींनी चौकटीला गोधडीचा तुकडा ठोकून दिला.

एका दुपारी मामा जेवून डेअरीत आले तर मशीनच्या खोलीतून भलताच आवाज. खाली धडधड, मध्ये चिकचिक, आणि वर एक लांबलचक शिट्टी. मामांनी पळत जाऊन मेन स्विच पाडला. मशीन थांबलं. आवाज चालूच.

"म्या म्हणलं, गेलं बेअरिंग," मामा सांगायचे. "नवं कोरं मशीन, आन् बेअरिंग गेलं. आता नोकरी बी गेली. पर करंट तोडला तरी ठोके पडाया लागलेत म्हणल्यावर माज्या अंगावर काटाच आला."

मशीनच्या मागं डेन्मार्क पाना हातात धरून पोट दुखेस्तोवर हसत होता. शेजारी सेलवर चालणारा त्याचा टेप. आवाज टेपमधला होता. तिकडच्या पोरांनी यंत्रांवर वाजवलेलं गाणं.

मामांनी ती बाजू उभ्यानंच शेवटपर्यंत ऐकली. "इतकी वर्सं मशीनपाशी बसतुया," ते मला म्हणाले होते, "घरी आलो तरी कानात तीच घरघर. मला वाटायचं, आपल्याच डोक्यात बिघाड हाय. कुणाला सांगावं? आन् हे लोक बघ, तिकडं कुठल्या कुठं ऱ्हातेत, आन् तीच घरघर घिऊन गाणं करतेत."

मग उन्हाळाभर संध्याकाळी लिंबाखाली बाजेवर दोघं, मधे टेप. मामांचं इंग्रजी 'ओके' आणि 'नो करंट' एवढ्यात संपायचं. डेन्मार्कचं मराठी 'पाणी' आणि 'बास' एवढ्यात. बाजू संपली की डेन्मार्क विचारायचा, "ओके?" मामा म्हणायचे, "ओके." कॅसेट उलटी व्हायची. मामी म्हणायच्या, "माज्याशी लगीन होऊन इतकी वर्सं झाली, कवा ओके म्हणल्यालं आठवत न्हाय."

जाताना डेन्मार्कनं टेप आणि बुटाचा खोका भरून कॅसेटी मामांच्या हवाली केल्या. शेवटच्या दिवशीही त्यानं चौकटीच्या गोधडीला कपाळ टेकवलं, पण त्या दिवशी मुद्दाम, असं मामा म्हणतात.

खोक्यातल्या गाण्यांचे मामांनी तीन भाग पाडले होते. गिटारी आणि ढोल कुटणारं ते 'खडी फोडायचं'. यंत्रावरचं ते 'मशीनचं'. आणि शेजारच्या खोलीत तान्हं पोर निजलंय म्हणून हळू गावं तसं गाणारे काही लोक होते, ते 'घरातलं'. भाषा एकाही गाण्याची कळत नव्हती, त्यामुळं अर्थ सांगायला मामांना अडचण नव्हती. "ही बाई म्हणतीया, बोअर घेतली पर नुसता फुफाटा निघाला." "ह्याची म्हैस आटलीय." "हा संघाच्या चेअरमनला शिव्या देतुया, म्हणून एवढा वरडतुया." त्यांच्या लेखी सबंध डेन्मार्कात दुष्काळ पडलेला होता.

हे अर्थ मनापासून ऐकणारं घरात एकच माणूस होतं. शालन, त्यांची एकुलती लेक. ती ऐकतेय असं दिसायचं नाही. ज्वारी निवडत बसलेली असायची. पण बाजू सरत आली की सूप खाली ठेवून उठायची, हात पदराला पुसायची, कॅसेट उलटी करायची आणि परत सूप घ्यायची. मामा तिच्याकडं बघायचेही नाहीत. नुसते "ओके" म्हणायचे.

आणि मग शालन लग्नाची झाली.

मामांनी अट घातली. हुंडा नाही, मानपान नाही. मुलानं फक्त एक बाजू ऐकायची. पूर्ण. पहिल्या मुलानं पानाची पिंक टाकायला म्हणून बाहेर जाऊन एसटी गाठली. दुसऱ्यानं "मामा, एखादं सिनेमातलं न्हाय का?" असं विचारलं. तिसऱ्याचे वडील उठून म्हणाले, "पोरगी चांगली हाय, पर बाप फिरल्याला हाय." मामी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अवो, पोरगी घरात म्हातारी करता काय तुमच्या त्या डेन्मार्कापायी?"

"बसायचं तर हाय नुसतं," मामा म्हणाले. "ज्याला काय कळत न्हाय म्हणून बसवत न्हाय, त्यो हिच्याजवळ काय बसणार? ही बोलती कुठं? हिचं बी ऐकूनच घ्यावं लागतं."

त्यावर मामींनी तवा जरा जोरात ठेवला.

त्याच वर्षी दुष्काळानं अगदीच तळ दाखवला. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, डेअरीचं मशीन दिवसचे दिवस मुकं. पाण्याचा टँकर यायचा, पण कधी येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. आमची वस्ती गावाच्या पार टोकाला. वरच्या आळीच्या घागरी भरून आमच्यापर्यंत बातमी यायची तोवर पाइपातून नुसता वारा यायचा. डेअरी मात्र गावाच्या तोंडाशी, सडकेला लागून. मामांना टँकर सगळ्यांत आधी दिसे. त्यांनी जयंतीच्या मिरवणुकीतला कर्णा आणून डेअरीच्या छपरावर वस्तीकडं तोंड करून बांधला आणि त्याची वायर शेजारच्या क्वार्टरमधल्या टेपला जोडली. टँकर वळणावर दिसला की 'मशीनचं' लावायचं. सिनेमाची गाणी चालली नसती; ती हॉटेलात, लग्नात कुठंही वाजतात. डेन्मार्क कुठं दुसरीकडं वाजायची भीती नव्हती.

आणि खरंच, त्या धडधडीचा पहिला ठोका पडला की आमच्या बाया घागरी घेऊन निघायच्या. वरच्या आळीच्या बरोबरीनं, एका रांगेत. "डेन्मार्क आलं गं," अशी हाळी जायची. चालायला लागलेली पोरंसुद्धा तो आवाज ऐकून तांब्या शोधायची. गाणं म्हणून कुणी ऐकत नव्हतं. टँकर आला की मामा टेप बंद करून स्वतः घागर घेऊन रांगेत उभे राहायचे, सगळ्यांच्या शेवटी.

अशात चौथा मुलगा आला. अशोक, उमरग्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. बरोबर आई आणि एक चुलते. मीही मुलीकडचा शहाणा माणूस म्हणून तुळजापूरहून आलो होतो. जेवणापलीकडं माझा काही उपयोग होणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. शालननं पाण्याचे अर्धे अर्धे पेले दिले. चहा झाला. मामांनी घसा खाकरला. मामींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी बिस्किट खात होतो.

"आलाच हाय तर एक बाजू ऐकून जावा," मामा म्हणाले, आणि त्यांनी मुलासाठी आपलं सगळ्यांत आवडतं लावलं. 'मशीनचं'.

छपरावरच्या कर्ण्याची वायर टेपला तशीच होती.

हे आम्हाला कळलं तेव्हा दारासमोरचं अंगण भरलं होतं. आख्खी वस्ती, निम्मी वरची आळी, डोक्यावर, कडेवर, हातात घागरी, कळश्या, डबे. मुलाची आई बावरून मामींना म्हणाली, "एवढं गाव कशाला बोलावलं, नुसतं बघायचंच तर हाय." सगळ्यांच्या पुढं गोदाआज्जी, वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई, धापा टाकत.

"सुदाम, टँकर कुठाय?"

मामा उभे होते. मागं कर्णा वाजतच होता.

"पाण्याची थट्टा करतूस व्हय रं?" आज्जी म्हणाली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मामांचा चेहरा मी तेवढा उतरलेला कधी पाहिला नव्हता. ते टेप बंद करायला वळले.

"ऱ्हाऊ द्या की मामा," आतून आवाज आला. अशोक. तो जागचा हलला नव्हता. "अर्ध्यात कशाला मोडता?" मग बाहेर बघून म्हणाला, "आज्जे, एवढ्या उन्हात आलाव तर बसा जरा लिंबाखाली. टँकर यायचाच हाय आज. मागं लांब सडकेवर पंक्चर हून हुभा हाय, आमी बघितलाय."

मग काय, बाया बसल्या. एवढं चालून आल्यावर परत जाऊन परत येणार कोण? घागरी पालथ्या घालून त्यांच्यावर बसल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ईट गावानं डेन्मार्कची एक बाजू पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली. मीसुद्धा. त्या गर्दीत झोपायला जागा नव्हती.

"काय म्हणतुया रं त्यो?" मध्येच गोदाआज्जीनं विचारलं.

मामांनी डोळे पुसल्यासारखं करून घाम पुसला. "म्हणतुया, बायांनो, चुकलं माजं. पर आलाव ते बरं केलं."

"मग वरडतुया कशाला? हळू म्हण म्हणावं."

बाजू संपली. खट्ट झालं. शालननं सवयीनं आत सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. पण ती दारापर्यंत येईतो अशोक उठला होता. त्यानं हात रुमालाला पुसले, कॅसेट काढली, उलटी केली, घातली. मग शालनकडं बघितलं.

"ओके," मामा म्हणाले.

टँकर दुसऱ्या बाजूच्या मध्यावर आला.

लग्न वस्तीतल्या विहारापुढं झालं, साध्या पद्धतीनं. पाठवणीच्या वेळी मामांनी टेप आणि बुटाचा खोका शालनच्या ट्रंकेवर ठेवला. ती नको म्हणत होती. "तिकडं डेपोत आवाज लई असतो," मामा म्हणाले, "तुला करमंल."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दिवाळीनंतर मी ईटला गेलो. कर्णा छपरावरून उतरला होता. चौकटीला गोधडीचा नवा तुकडा ठोकलेला होता, आधीचा झिजला होता म्हणून. त्या उंचीला कपाळ पोचेल असं आमच्या खानदानात कुणी नाही. मामींनी जेवायला वाढलं. मी जेवलो, बाजेवर ताठ बसलो आणि वाट पाहिली. मामा अडकित्त्यानं सुपारी कातरत राहिले. अंगणातून पोस्टमन आत आला, कार्ड हातात दिलं, पाणी पिऊन आरामात गेला. त्यालाही कुणी काही म्हटलं नाही.

शेवटी मीच म्हटलं, "मामा, एक बाजू होऊ द्या की."

"कशावर? टेप उमरग्याला."

"तरी पण."

मामांनी चपला घातल्या. "चल."

डेअरीत दूध परत येऊ लागलं होतं. मशीन चालू होतं, संथ, खाली धडधड आणि वर एक बारीक लांब सूर. मामांनी दोन रिकामे कॅन पालथे घातले. एकावर ते बसले, एकावर मी. त्यांनी डोळे मिटले. मी नेहमीप्रमाणे उघडे ठेवले, पण झोप काही आली नाही. मधेच एक खरखर आली आणि गेली, आणि मामांचं बोट मांडीवर तिच्याबरोबर हललं.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "काय म्हणतंय?"

ते अर्थ सांगतील असं मला वाटलं होतं. म्हैस, बोअर, चेअरमन, काहीतरी.

"काय न्हाय," मामा म्हणाले. "नुसतं जवळ बसलंय."

मी हललो नाही. दूध थंड झालं, मशीन आपोआप थांबलं, आणि खोलीत एकदम शांतता झाली. मामांनी डोळे उघडून माझ्याकडं वळून पाहिलं.

"ओके," मी म्हटलं.