पाठमोरे सर्जेराव

कबड्डीच्या सामन्याला सगळ्यांच्या आधी जाऊन, पुढची जागा अडवून, सामना ऐन रंगात आला की मैदानाकडं पाठ करून उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो आमच्या शेजारी राहतो.

सर्जेराव एका शाळेत खेळाचे मास्तर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गळ्यातली शिट्टी गेली नाही. आंघोळीच्या वेळी ती खुंटीला अडकवतात आणि अंग पुसायच्या आधी परत गळ्यात घालतात, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे रत्नमालाकाकूंचं म्हणणं आहे. गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीत सगळे त्यांना 'सर' म्हणतात. ते मला आडनावानं 'जाधव' म्हणतात, आणि सामन्याला जाताना हमखास बरोबर नेतात. मला कबड्डीतलं काही कळतं म्हणून नाही. मला डोळे आहेत म्हणून.

"बघवत नाय हो जाधव. पोरगं चढाईला निघालं की माझी पाठ आपोआप फिरते. तुम्ही बघा, मला सांगा."

मग मी बघायचो आणि सांगायचो.

"डावीकडं गेला, सर."

"कुणाच्या डावीकडं? त्याच्या का तुमच्या?"

विमा कचेरीत मला साहेबांनीसुद्धा कधी इतकं पेचात टाकणारं विचारलं नव्हतं.

"उडी मारली, सर!"

"कसली? अंगावरून का बाजूनं?"

"उंच, सर."

"उंच!" सर कपाळावर हात मारून समोरच्या भिंतीला सांगायचे, "याला उंच दिसली!"

चढाई संपली, पोरगं आपल्या अंगणात परतायला लागलं, की मात्र सर गर्रकन वळायचे. त्यामागं त्यांचं एक शास्त्र होतं. "गुण घेऊन आलेलं पोरगं सगळ्यांनाच आवडतं. रिकाम्या हातानं आलं तर कसं येतं, ते बघावं. मान खाली घालून आलं तर गेलं. उगंच दात काढत आलं तर लई वाईट."

हे शास्त्र त्यांनी मैदानापुरतं ठेवलं असतं तरी चाललं असतं. माझ्या पुतणीला बघायला पाहुणे आले होते. मुलगा दिसायला बरा, नोकरीला पक्का. पोहे झाले, चहा झाला, मुलगा सोफ्यावरून उठला, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून सरांचा आवाज आला, "सगळा भार डाव्या पायावर. वळायला कमी पडंल." मुलाच्या आईनं मुलाच्या पायाकडं बघितलं. लग्न झालं, नीट चाललंय, पण नवराबायकोचं वाजलं की पुतणी अजून फोनवर म्हणते, "सरांनी सांगितलं होतं, हा वळायचा नाही."

सरांचं पालुपद एकच: "फिकरीची बात नाय." शहरात इतकी फिकीर करणारा दुसरा माणूस नसेल. घराला कुलूप लावून निघाले, की गल्लीच्या टोकावरून परत येऊन ते ओढून बघणार. गॅस बंद आहे का, हे बघायला मध्येच स्कूटर वळवणार. आणि दर वेळी काकूंना सांगणार, "फिकरीची बात नाय, सहज आलो."

त्यांच्या फिकरीला कारणही होतं. त्यांचा अंदाज चुकायचा. एका पोराबद्दल त्यांनी पैजेवर सांगितलं होतं की हा देशाकडून खेळंल. तो पोलिसांच्या बँडमध्ये बिगुल वाजवतो. दुसऱ्याला म्हणाले होते, "तुझ्यात काय बी नाय, शेती बघ." तो टीव्हीवर खेळतो. तो पडद्यावर आला की सर उठून पाणी प्यायला आत जातात. "हंगाम चालू असला की यांना लई तहान लागते," काकू म्हणतात.

तर अशा माणसाला एके दिवशी गणेशचा फोन आला.

गणेश हा सरांचा जुना विद्यार्थी, आता कबड्डी लीगमधल्या एका संघाचा दुय्यम प्रशिक्षक. हंगामाआधी हे संघ कॉलेजातली नवी पोरं निवडतात. आळीपाळीनं एकेक नाव घेतात. ज्याचं नाव निघालं त्याचं नशीब उघडलं, बाकीचे परत कॉलेजच्या बाकावर. गणेश म्हणाला, "सर, आपल्या भागातला एकच चढाईपटू घेता येईल. इम्रान आणि कैलास, दोघं नजरेत आहेत. तुम्ही सांगाल ते नाव मी पुढं सरकवतो."

सरांनी फोन ठेवला आणि चहात साखरेऐवजी मीठ टाकून तो पिऊन टाकला. चव लागली नाही.

त्यानंतर आम्ही दोघं आंतरमहाविद्यालयीन सामने बघत फिरलो. म्हणजे मी बघत. इम्रान शहरातलाच, शांत, हिशोबी. पायानं बोनस रेषा ओलांडून एखादा गुण घेऊन गुपचूप परत येणारा. त्याच्या चढाईत मला सांगण्यासारखं फार काही नसायचं. कैलास उभा राहिला की मात्र माझी जीभ अडखळायची. तो आत शिरायचा, थांबायचा, समोरचे पुढं आले की नुसता खांदा हलवून सगळ्यांना एका बाजूला लोटायचा आणि दुसऱ्या बाजूनं निघून यायचा. एकदा त्याची पकड होता होता राहिली, तो हात हलवत परत आला. सर वळून बघत होते. कैलासनं मान खाली घातली नाही, हसला नाही. जिथं फसला होता त्या जागेकडं वळून असं बघितलं, जणू तिथं त्याची काही वस्तू पडली होती.

"हाच," सर म्हणाले. "जाधव, हाच. फिकरीची बात नाय."

ते ऐकून मला धास्तीच वाटली.

सामना संपला. पोरं प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर बसली होती, ती उतरायला लागली. सर माझ्याशी बोलत होते ते बोलायचे थांबले. कैलास कठड्याला धरून, अंग तिरपं करून, आधी एक पाय खाली आणि मग दुसरा त्याच्याच शेजारी टेकवत उतरत होता. म्हाताऱ्या बायका घाट उतरतात तसा. कुणी हाक मारली की सरळ उभा राहायचा, हाक संपली की परत तिरपा.

"थकला असेल," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी घरातून निघताना सरांनी कुलपासाठी स्कूटर वळवली नाही, तेव्हाच मला शंका आली.

दोन-चार दिवसांनी ते मला घेऊन शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, हर्सूलच्या पुढं कैलासच्या घरी गेले. मेंढरांचा वाडगा, पुढं पत्र्याची दोन खोल्यांची ओळ, दारात बाज. कैलासचे वडील किसनराव मेंढरं राखतात. त्यांनी बाजेवर घोंगडी अंथरली, आम्हाला बसवलं. चहा आला. भिंतीला टेकवून एक भलामोठा फ्लेक्स उभा होता. कैलासचा हात जोडलेला फोटो, 'हार्दिक अभिनंदन', खाली मित्रमंडळाची सगळी तोंडं. संघाचं नाव तेवढं कोरं ठेवलं होतं.

"पोरांनी आधीच करून ठेवलाय," किसनराव लाजत म्हणाले. "नाव कळालं की तेवढं चिकटवायचं. मास्तर, पोराचं व्हईल ना?"

सर चहा ढवळत राहिले.

निघताना कैलास आम्हाला रस्त्यापर्यंत सोडायला आला. सरांनी त्याच्याकडं न बघता विचारलं, "कोणता गुडघा?"

पोरगं जागच्या जागी थांबलं. मग हळूच म्हणालं, "उजवा. निसटतो कधीकधी. मीच परत बसवतो. सर, कुणाला सांगू नका. एकदा निवड होऊ द्या, मग बघतो मी त्याचं."

सर गोंधळले. माणूस गोंधळला की तोंडातून सवयीचंच निघतं.

"फिकरीची बात नाय," ते म्हणाले.

कैलासचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडं बघावं लागलं. त्यानं वाकून सरांच्या पायाला हात लावला.

घरी आल्यावर काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही हो म्हणालात?"

"मी हो नाय म्हणालो. फिकरीची बात नाय म्हणालो."

"अहो, तेच ते!"

"तेच ते नाय!"

"मग काय ते?"

पुढचे दिवस सरांनी कसे काढले ते सगळ्या कॉलनीनं पाहिलं. जेवण सुटलं. पारोशानं फाटकापाशी उभे राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारायचे. दूधवाल्याला विचारलं, "समजा, तुमच्या म्हशीला दुखणं आहे, अन् गिऱ्हाईक दारात आलंय. सांगाल?" दूधवाल्याला वाटलं, दुधाबद्दल तक्रार आहे, तो त्या दिवसापासून माप जास्त घालायला लागला. मला विचारलं, "जाधव, तुमच्या विम्यात दुखणं लपवलं तर काय होतं?"

"विमा रद्द होतो, सर."

"अन् सांगितलं तर?"

"कधीकधी मिळतच नाही."

"म्हणजे दोन्हीकडून माणूस मेला," ते म्हणाले आणि आत गेले.

गणेशचा फोन सकाळी आला. मी त्यांच्या ओट्यावर पेपर वाचत होतो. सर फोन कानाला लावून उभे राहिले आणि माझ्याकडं त्यांची पाठ झाली.

"गणेश, इम्रान घे," ते म्हणाले. "कैलास सोनं आहे. पण गुडघा गेलाय त्याचा. आधी तो नीट व्हायला पाहिजे. यंदा नको." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "व्हय. माझी जिम्मेदारी." फोन बंद झाल्यावर म्हणाले, "चला, हर्सूलला. त्याला दुसऱ्याकडून कळायला नको."

स्कूटर मी चालवली. सर मागं बसले.

किसनराव वाडग्यातच होते. सरांनी उभ्याउभ्याच सांगितलं, काही फिरवाफिरव केली नाही. म्हाताऱ्याला आधी समजलंच नाही. समजल्यावर हातातली काठी टाकून म्हणाला, "मास्तर, बाकीच्या मास्तरांनी पोरांची दुखणी झाकली. तुमचं काय वाटोळं केलं होतं माझ्या लेकरानं?"

"पाय गेला असता त्याचा," सर म्हणाले. "पहिल्याच पकडीत."

"गेला असता तर आमचा गेला असता!"

कैलास दारात उभा होता. तो ओरडला नाही, रडला नाही. एवढंच म्हणाला, "तुम्ही म्हणाला होता, फिकरीची बात नाय." मग आत गेला, फ्लेक्स उचलून बाहेर आणला, आणि छापील बाजू खाली करून मेंढरांच्या चाऱ्यावर पांघरला.

त्यानंतर ते पालुपद मी सरांच्या तोंडून परत ऐकलं नाही.

इम्रानची निवड झाली. टीव्हीवर तो बहुतेक वेळ राखीव बाकावर टॉवेल घेऊन बसलेला दिसायचा. अधूनमधून आत येऊन एखादा बोनस घ्यायचा. सर तो दिसला तरी उठायचे नाहीत, पण बघतही नव्हते. कॉलनीत लोक विचारायचे, "सर, तुमचा अंदाज बरोबर आला म्हणायचा की चुकला?" सर म्हणायचे, "मला नाय माहीत." सामन्यांना जाणं बंदच झालं. कैलासच्या गुडघ्याचं ऑपरेशन सरकारी दवाखान्यात झालं, असं उडतउडत कानावर आलं. सरांपुढं तो विषय मी काढला नाही. त्यांनी सकाळचं फिरणं सुरू केलं होतं. डॉक्टरनं सांगितलंय, म्हणाले. काकूंनाही बरं वाटलं. माणूस दिवस उगवताच गाडी काढून जायचा, उन्हं चढल्यावर यायचा.

फिरायला जाणारा माणूस गाडी कशाला नेतो, हे काकूंनी विचारलं नाही. मीही नाही.

मग माझ्या आईचा खांदा आखडला. तिला व्यायामासाठी आमच्याच भागातल्या एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात न्यायला लागलं. पहिल्याच दिवशी बाहेरच्या बाकावर सर बसलेले दिसले. मांडीवर एका तरुण पोराची पाठपिशवी, हातात पाण्याची बाटली. मला बघून ते चोरी पकडल्यासारखे उठले आणि परत बसले.

पडद्याच्या फटीतून आत कैलास दिसत होता. पायाला वजन बांधून तो पाय हळूहळू वर उचलत होता, दातओठ खात. सर तिकडंच बघत होते. पापणीसुद्धा लवत नव्हती.

मी आईला आत पाठवलं आणि त्यांच्या शेजारी बसलो.

"रोज आणता?"

"व्हय. त्याच्या बापाला मेंढरं सोडून येता येत नाय. अन् बसमध्ये उभं राहून याचा पाय सुजतो." मग घाईनं म्हणाले, "तुमच्या काकूंना सांगू नका. आधीच म्हणतात, माझ्या जिवाला चैन नाय."

"तुमच्यावरचा राग गेला म्हणायचा त्याचा?"

"कुठला जातोय! पहिल्या दिवशी गाडी दारात नेली तर आत निघून गेला. दुसऱ्या दिवशीबी. मग त्याच्या आईनं बाहेर काढला." सरांनी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "बोलत नाय माझ्याशी. इतके दिवस झाले, एक शब्द नाय."

"हर्सूलपासून इथपर्यंत? अख्खं शहर पार करून? काहीच नाही?"

"काय बी नाय," सर म्हणाले, आणि पडद्याकडची नजर न काढता हळूच पुढं बोलले, "पण खड्डा आला की माझा खांदा धरतो."