खेळण्यांच्या राज्यीं स्मरणकोठी भरली, तो मजकूर

श्रीगजानन प्रसन्न. वीज अखंड राहो, जाळे सलग राहो, पाळण्याची दोरी हातीं राहो, ऐसे चिंतून मजकूर लिहिला ऐसाजे. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमासीं, रविवारी दोन प्रहरीं एका राज्यावर मोठा प्रसंग गुदरला. राज्य खेळण्यांचे. म्हणजे वेबसाइटच, तीवर आईबापांनी चित्रे पाहावीं, लेकरास हवे ते खेळणे मागावे आणि महिनाभर खेळवून परत करावे, ऐसा रिवाज. राज्याचा किल्ला सर्व्हर नामे, किल्ल्यांत स्मरणकोठी, जीस हल्लीचे लोक मेमरी म्हणतात, आणि कोठी केवढी असावी हे ठरविणारा हुकूमनामा, तो कॉन्फिगरेशनच्या फाइलींत लिहिलेला. किल्लेदारीण रेवतीबाई. त्यांचे पदरीं बाळराजे, वय सात महिने, आणि सर्वांवर अंमल त्यांचाच. ते नुकतेच निद्रिस्त जाहले आणि मग बाईंनी लॅपटॉप उघडिला, तों खबर आली कीं गेल्या रविवारसारखा आजही किल्ला पडला.

जो कोणी चित्रे मागे त्यास कोरे पान दिसे, आणि किल्ल्याच्या नोंदींत एकच आक्रोश, कीं कोठी भरली, एकशे अठ्ठावीस एमबी संपली. राज्याच्या धनीण सुलभाताई, बालवाडी चालविणाऱ्या, त्यांनी फोनवर साफ कळविले कीं चार वाजता नवीं खेळणीं खुलीं होणार, पालक टपून बसले आहेत, आज पुन्हा फजिती झाली तर बंद करा ते सगळे, आम्ही आपल्या फोनवर मागण्या घेऊ. म्हणजे राज्य राहते कीं बुडते, हे चार वाजेतों ठरणार. बाईंचे कुमकेस यशोधनपंत, वयाने लहान, उत्साहाने थोर, दुसऱ्या शहरीं बसून फोनवर हजर. पंतांनी हुकूमनामा उघडिला आणि कोठी दुप्पट केली, किल्ला पडला. मग चौपट केली, पडला. मग आवेश येऊन एक जीबी लिहिली आणि मिशीस पीळ दिला, जरी मिशी नव्हती.

"ताई, आता हत्ती मावेल कोठीत."

"हळू बोल. हत्तीचं नंतर बघू, इथे वाघ झोपलाय."

मग पुन्हा चित्रे मागविलीं आणि किल्ला पूर्ववत पडला. पंत घाबरे होऊन म्हणो लागले कीं दोन जीबी करू, चार करू, नाहीतर भाड्याने मोठा किल्लाच घेऊ. बाईंनी एका हाताने पाळणा हलविला आणि दुसऱ्याने ती नोंद शेवटपर्यंत वाचिली, कारण तोवर 'भरली' एवढे वाचूनच सर्व धावत होते.

"यशोधन, आकडा वाच. अजून एकशे अठ्ठावीसच म्हणतोय. तू जीबी लिहिलंस, ते वाचतंय कोण?"

पंतांनी आकडा वाचिला, तो तोच निघाला. तेव्हां बाईंनी खुद्द किल्ल्यासच पुसिले, कीं बाबा, तू कोणता हुकूमनामा वाचितोस, आणि किल्ल्याने जो पत्ता सांगितला तो भलताच. हुकूमनामे दोन निघाले. एक काळ्या खिडकींत बसून आज्ञा टाइप करणाऱ्या कारभाऱ्यांसाठी, दुसरा वेशींतून येणाऱ्या पाहुण्यांसाठी, म्हणजे वेबसाइट पाहणाऱ्या पालकांसाठी, दोहोंचे नाव एक, आणि पंत इतका वेळ पहिल्याचीच पूजा बांधीत होते. मग दुसऱ्यांत दुरुस्ती केली, तरी आकडा तोच, आणि पंत रडकुंडीस आले. बाईंनी समजाविले कीं हा किल्ला हुकूमनामा वाचितो तो उठतांना एकदांच, मागाहून कितीही फडकविला तरी ढुंकून पाहात नाही.

"मग उठवू का, ताई?"

"किल्ला उठव. आवाज नको, नाहीतर इकडचे सरकार उठतील."

किल्ला निजविला, पुन्हा उठविला, आणि चित्रे आलीं. पंत जयघोष करणार तों बाईंनी दटाविले, कीं आजचे भागले, पण उद्या खेळणीं वाढलीं म्हणजे काय करणार. सगळीं चित्रे एकदम कोठींत कोंबावीं कशाला. बाळराजांस नाचणीची वाटी कोणी एकदम तोंडांत उपडी करीत नाही, चमचा देतात, तो गिळला कीं दुसरा देतात. म्हणोन एका वेळीं वीसच चित्रे, तींही लहान करून आणावीं आणि दाखवून होतांच कोठींतून बाहेर काढावीं, ऐसे लिहिले. त्याउपरी बाईंनी कोठीचा आकार पुन्हा एकशे अठ्ठावीस करून किल्ला फिरून उठविला, तेव्हां पंतांचा जीव खालीवर जाहला.

"कशाला कमी करता, ताई? राहू दे ना जीबीभर."

"मोठ्या कोठीत चूक लपून बसते रे. लहान कोठीत लगेच रडते. रडलेलं बरं, कळतं तरी."

चार वाजले आणि पालकांची फौज लोटली. लाकडी घोडा प्रथम गेला, मग डमरू, मग चाकांचे बदक, ज्यावर दोघां बापांची चुरस लागली, आणि किल्ला हालला नाही. सुलभाताईंचा फोन आला. स्तुती केली नाही, एवढेच पुसिले कीं पुढल्या रविवारीं बाहुल्याही चढवाव्या म्हणते, मावतील ना. बाई म्हणाल्या, मावतील. राज्य राहिले.

एवंच, हुकूम लिहिण्याआधीं तो वाचणारा कोण हे पुसावे, लिहिल्यावर वाचणारास उठवावे, आणि घास लहान करावा. इतक्यांत पंतांस आनंद आवरेना, ते फोनवर मोठ्याने गर्जले आणि बाळराजे जागे जाहले, सबब पुढील राज्यकारभार तहकूब.