भोपळ्याची तीनचाकी

आई मशीनवर पिशव्या शिवायची, तेव्हा पायाच्या ठेक्यावर एक ओवी म्हणायची. अजून कानात आहे:

ओढणाऱ्या जिवाला गं, लागे मायेची हाक
हाकेवाचून बाई, फिरेना घरचं चाक.

चाल गोड होती. अर्थाच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. पडलो असतो, तर त्या रविवारी भर मैदानात माझी शोभा झाली नसती!

त्याचं असं झालं. आमच्या भोपळ्याने महिनाभरात घरमालकांचे तीन दरवाजे कुरतडले. भोपळ्या म्हणजे आमचा कुत्रा. रंगाने आणि पोटाने नावाला जागणारा. तिसऱ्या दरवाजाला आरपार भोक पडलं, तेव्हा घरमालक त्या भोकातूनच बोलले, "रविवारपर्यंत हा शांत झाला नाही, तर सोमवारी त्याला तरी हलवा, नाहीतर तुम्ही तरी हला!"

"माझ्या भावाच्या मळ्यावर पाठवा," बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. तिचं आणि भोपळ्याचं पहिल्यापासून वाकडं. तो घरात आला त्याच दिवशी तिने जाहीर केलं होतं, "मी याला हातसुद्धा लावणार नाही!" त्यात महिन्यापूर्वी न्हाणीघरात घसरून गुडघ्याला पट्टी बसलेली, म्हणून आवाजालाही धार.

"कोणी कुठे जाणार नाही!" मी छाती फुगवली. "त्याच्या अंगात रग साठलीय. ती जिरवायची, बस्स! बर्फात कुत्रे गाडी ओढतात ना? बर्फ नसेल तिथे चाकाची गाडी! मी सगळा अभ्यास केलाय."

प्राण्यांच्या डॉक्टरांनी त्यांची जुनी तीनचाकी वापरायला दिली. बसायला सीट, हाताशी ब्रेक. शिवाय कुत्र्याचा अंगपट्टा, हिसका बसू नये म्हणून ताणली जाणारी दोरी, माझ्यासाठी हेल्मेट, चष्मा, हातमोजे आणि त्याच्यासाठी चार पायमोजे. एवढं सामान तर माझ्या लग्नातही नव्हतं!

अंगपट्ट्याला इतकी भोकं, की मान कुठून आणि पाय कुठून, काही उमजेना. आधी त्याचे दोन्ही पाय मानेच्या भोकातून गेले, आणि मान कुठेच गेली नाही. मग तो सुटला आणि मी अडकलो. शेवटी बघतो तर माझा हातमोजा त्याच्या पंजात आणि त्याचा पायमोजा माझ्या बोटांत!

"अहो, जाड पट्टी छातीवर येते. पाठीवर नाही," पायरीवरून बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय यातलं?"

"मला? मला कुठून कळणार!" आणि तिने घाईघाईने गुडघ्यावरची पट्टी आवळली.

घरामागच्या मैदानावर घरमालक खुर्ची टाकून बसले होते. मी सीटवर बसलो आणि गरजलो, "पळ!"

भोपळ्याने मागे वळून पाहिलं.

"चल! धाव! हाण!"

त्याने जांभई दिली. मग सावकाश मागे आला, गाडीत चढला आणि माझ्या मांडीवर बसला.

"ओढणार कोण आणि बसणार कोण, हे घरून ठरवून आला नाहीत का?" घरमालकांनी विचारलं.

हरलो तर मी कसला! त्याला करून दाखवावं म्हणून दोरी माझ्या कमरेला बांधली आणि पुढे धावलो. दोरी ताणली, ताणली, आणि तिने मला परत गाडीपाशी आणून टाकलं. दुसऱ्यांदा जोर लावला, तर गाडी हलली! पण पुढे उतार. आता गाडी माझ्या मागे, मी गाडीच्या पुढे, आणि सीटवर भोपळ्या, राजासारखा.

"ब्रेक!" मी ओरडलो. "अरे, ब्रेक दाब!"

हे मी कुत्र्याला सांगत होतो.

मी, गाडी आणि कुत्रा, तिघेही घरमालकांच्या खुर्चीवर जाऊन थांबलो. ते उठेपर्यंत खुर्चीला तीनच पाय उरले होते. "सोमवार कशाला?" ते म्हणाले. "आजच न्या मळ्यावर!"

"थांबा!"

बायको लंगडत मैदानात आली. एका झटक्यात तिने अंगपट्टा सरळ केला, दोरी अडकवली, सीटवर बसली आणि मऊ आवाजात म्हणाली, "चल रे राजा."

भोपळ्या सुटला! कान मागे, शेपूट वर, धुळीचा नुसता लोट. मैदानाला फेरा मारून गाडी आमच्यापाशी येऊन थांबली. भोपळ्या धापा टाकत आडवा झाला. महिनाभरात इतका शांत मी त्याला पाहिला नव्हता.

"हा राजा कोण?" मी विचारलं.

"मी न्हाणीघरात घसरले नव्हते," बायको त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "इथे पडले. रोज पहाटे तुम्ही घोरत असायचा, तेव्हा आम्ही दोघं पळायचो. दोरीचं एक टोक त्याच्या छातीला, दुसरं माझ्या कमरेला. तो पुढे, मी मागे."

"कसली दोरी?"

"कपडे वाळत घालायची. चोराने नेली म्हटलं होतं ना, तीच. माझा गुडघा गेला, याचं पळणं थांबलं, आणि हा दरवाजे खायला लागला."

"अगं, मग सांगितलं का नाहीस?"

"कुठल्या तोंडाने सांगू? हातसुद्धा लावणार नाही म्हणून बसले होते ना!" तिचे डोळे भरले. "हा मळ्यावर गेला, तर मला नाही करमायचं हो."

घरमालकांनी घसा खाकरला. "रोज असा दमवणार असाल, तर राहू दे."

"आणि मी? मी काय करू?" मी हेल्मेट सावरत विचारलं.

बायकोने पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. "तुम्ही मागून पळत या. त्याला मध्येच तहान लागते."