मामांचं तांब्याचं नाक

तांब्याच्या पत्र्यावर माणसाचा चेहरा हातानं उठवून दाखवतो, असं मी बायकोला, सत्यशीलाला, छातीठोकपणे सांगितलं. चौसाळ्यात माझं जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचं दुकान. आयुष्यभर तांब्याची तार हाताळली, पत्रा काय वेगळा असणार! तिचे वडील मोहनराव, म्हणजे माझे मामा, पंचाहत्तरीचे होत होते. पाटोद्याला जेवण ठरलं होतं आणि झाडून सगळे शाली नेणार होते.

मोठाले खिळे कानशीनं घासून बोथट छिन्न्या केल्या. घमेल्यात डांबर आणि विटेची भुकटी ओतून त्यावर पत्रा बसवला. पाठीमागून ठोकत गेलं की पुढून उठाव येतो. मामा आमच्याकडं येऊन समोर न हलता बसून राहिले. "आजवर माझा फोटो बी कुणी धड काढला न्हाई," एवढंच म्हणाले.

गाल आले. मिशा तर अशा आल्या की सत्यशीला पिठाचे हात घेऊन बघत उभी राहिली. राहिलं नाक. मामांचं नाक म्हणजे एसटी थांब्याचं पुढं आलेलं छप्पर. ठोकून ठोकून पत्रा कडक झाला होता. लाल तापवून पाण्यात बुडवला की तो परत मऊ होतो, हे मला ठाऊक होतं. पण गॅसवर पाटोद्याला न्यायचं पुरण शिजत होतं, आणि ते उतरेपर्यंत थांबा असं सत्यशीलाचं म्हणणं. मला दम कुठला? थोडंच तर उरलंय, म्हणून ठोकलं. नाक शेंड्याला फाटलं.

घाबरून मी कथलाचा डाग दिला. भोक बुजलं, पण कथील ओघळून मिशीपर्यंत आलं आणि पांढरंफेक चकाकत तिथंच गोठलं. घासायला गेलो तर फट परत उघडायला लागली. शेवटी तसंच फडक्यात गुंडाळून नेलं.

मामांनी पंगतीसमोर फडकं सोडलं. बराच वेळ बघितलं. मग उपरण्याचं टोक घेऊन सावकाश स्वतःचं नाक पुसलं.

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग कुणालाच आवरेना. ज्यांचा फोटोही कुणी धड काढला नव्हता, त्यांचं मी भर पंगतीत हसं केलं होतं. नवं करून देतो, हे द्या परत, अशी मी विनवणी केली.

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "जावयानं केलंय."

आणि बैठकीत, दारासमोरच टांगलं. आता पाटोद्याला गेलो की आल्यागेल्याला ते अभिमानानं माझ्याकडं बोट दाखवतात. मी चहाच्या कपात बघत बसतो. परवा एक पाहुणे चष्मा लावून जवळ गेले, निरखलं आणि आदबीनं म्हणाले, "कलाकार हाय. सर्दी लई झकास उठवलीय."