तिसऱ्या भागातलं टिंग

जगतापकाकांकडे एकाच सिंफनीच्या सतरा रेकॉर्डी आहेत. चाल तीच, वाद्यं तीच, फक्त वाजवणारे वेगळे. नारायण पेठेतल्या आमच्या इमारतीत ते बरोब्बर माझ्या डोक्यावर राहतात, त्यामुळे सतराच्या सतरा मला पाठ आहेत. आणि खरं सांगू? मला सगळ्या सारख्याच वाटतात.

हे मी एकदा बोलून गेले. काकांनी मला नखशिखांत न्याहाळलं. “वरण सगळ्यांकडे तुरीचंच असतं ना? मग नणंदेकडे जेवून आलीस की नाक का मुरडतेस?”

नणंदेचं वरण त्यांनीही खाल्लंय.

काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात माल तपासायला होते. लहानपणी तिथल्या लष्करी बँडमागे धावता धावता हे वेड लागलं. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून यांनी ऑर्केस्ट्रे धरले. वहीत शेरे मारतात: “व्हायोलिनवाले घाईत. शेवटची बस चुकत असावी.” “बासरी बरी. बाकी आनंद.” काकू गेल्यापासून हे शेरे ऐकवायला मीच सापडते. मी मंडईतून आले की जिन्यातच हाक: “सुनंदा, पाच मिनिटं ये. पालक काही पळून जात नाही.” पाच मिनिटं म्हणजे चाळीस. पालक मान टाकतो, मीही टाकते.

गणपतीनंतर मात्र काकांचं डोकं फिरलं. या सिंफनीच्या तिसऱ्या भागात सगळी वाद्यं शांत होत आली की ट्रँगल वाजतो. म्हणजे लोखंडी सळईचा त्रिकोण. त्यावर काडी मारायची. टिंग! एकदाच. तर नवी आणलेली रेकॉर्ड काकांनी नापास केली. “टिंग खाल्लं लेकाच्यांनी!” मग आणखी दोन नापास. जुन्या रेकॉर्डींतलं टिंग तर म्हणे झिजून गेलं. दिवाळीपर्यंत आकडा नऊवर गेला. “एक माणूस, एक काडी, एक टिंग! तेवढंही होत नाही? हाकला त्याला!” असं खरमरीत पत्र त्यांनी परदेशातल्या कंपनीला इंग्रजीत लिहिलं, आणि पाठवण्याआधी साक्षीदार म्हणून मला बसवलं.

रेकॉर्ड लागली. तिसरा भाग आला. आणि टिंग वाजलं. घासलेल्या तांब्यावर चमचा पडावा, इतकं स्वच्छ.

“बघ! नाही ना?” काका विजयी मुद्रेने म्हणाले.

होला हो करावं, तर त्या बापड्याची नोकरी जाते. खरं सांगावं, तर काकांचे कान जातात. पण खोटा शेरा त्यांनी जन्मात कुणाचा चालवून घेतला नव्हता.

“काका, वाजलं. चांगलं खणखणीत.”

त्यांनी सुई मागे नेली. पुन्हा ऐकलं. मग उरलेल्या आठही लावल्या. दर वेळी ते माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचे.

वाटलं, आता माझ्यावर खेकसतील. त्यांनी पत्र फाडलं, वही ओढली आणि नऊच्या नऊ ‘नापास’ खोडले. “इमानाने वाजवत होते बिचारे,” ते म्हणाले. “माल ठीक आहे. तपासणारा बाद झाला.”

मला रडूच फुटलं. काकांनी मला स्वतःचा रुमाल दिला.

आता दर रविवारी मी हाकेची वाट न बघता वर जाते. कानाचं यंत्र आणलंय, पण त्यातही टिंग येत नाही, म्हणून ते खोक्यात. मी समोर बसते आणि टिंग वाजलं की बोट वर करते. काका माझ्या हाताकडे टक लावून असतात.

परवा माझी जरा तंद्री लागली. भानावर येऊन घाईघाईने बोट वर केलं, तर काका डोळे मिटून हसत होते.

“उशीर केलास,” ते म्हणाले. “मी कधीच ऐकलं.”